बत्तीस नंबर

सकाळी सव्वासहाला ती रामबागेचा उतार उतरते
आणि मी अंथरुणातच ओळखतो:
पंप नाही, पाइप नाही,
डाव्या जॅकचं सील.
एकतीस वर्षं वर्कशॉपच्या खड्ड्यात उभं राहून
गाड्यांची पोटं वाचली मी.
खोकल्यावरून वैद्याला कळावं, तसं कळतं.

आमच्या वळणावर ती थांबते.
ओला, सुका, डबे आपटतात,
भोंग्यातली बाई तेच ते समजावून सांगते,
तेवढ्यात खाली डांबरावर
थाळीएवढं काळं काही जमतं.
मग निघते. सात-सात फुटांवर एक थेंब,
उधारीच्या वहीतल्या खुणांसारखे, थेट पुलापर्यंत.

या शहरात चॉकलेटचा कागद टाकताना
शाळकरी पोरंही आजूबाजूला बघतात.
पण तेल कोणी टाकत नाही. तेल गळतं.
टाकणाऱ्याला दंड आहे.
गळणं हे क्रियापदच असं,
त्याच्यापुढे पावती कोणाच्या नावाने फाडणार?

सुगनबाईचा झाडू त्यावरून फिरतो
आणि थाळीचं परात होतं.
"बाबूजी, ये तो कचरा ही नहीं है,"
ती म्हणते, आणि पुढे सरकते.

पौषात त्यावर दव बसलं.
मोराच्या मानेचा रंग चढला होता त्या दिवशी,
मी गॅलरीतून बघत होतो, चहा हातात,
आणि सुंदर दिसतंय असंच म्हणणार होतो हिला.
तेवढ्यात शरयू पुंडलिकची ॲक्टिव्हा वळली,
हँडलला, पायाशी, मागे मिळून अकरा डबे.
आवाज फार झाला नाही.
आमटी उताराने वाहत गेली
तेलावरून, तेलात न मिसळता.
शरयू आधी हसली.
मग उठायला गेली तर मनगट येईना.

महिन्याच्या तपासणीच्या फॉर्मवर एक रकाना असतो:
गळती. आहे. नाही.
स्टोअरमध्ये सील नसलं की
मी 'नाही'वर खूण करायचो.
आहे म्हटलं तर गाडी उभी,
गाडी उभी तर चार मोहल्ले कुजणार,
हेही खोटं नव्हतं.
खूण करताना हात थरथरला वगैरे
असं काही झालं नाही.
दुपारी डबा खायचो. मटकीची उसळ असली तर बरं वाटायचं.

आता अकील मन्सूरीच्या आऱ्यावरून
सागवानाचा भुसा आणतो, पोतं वीस रुपयांना.
सहा चाळीसला वळणावर उकिडवा बसून पसरतो.
भुसा पितो, काळा होतो, फुगतो.
जाणारे येणारे समजतात
रामबागेतला म्हातारा रांगोळी घालून राहिलाय.

एकदा ड्रायव्हरला थांबवलं. दिलीप गोहर, कोवळा पोरगा.
"तीनदा लिहून दिलं काका,
चौथ्यांदा लिहिलं तर म्हणतील चालवता येत नाही."
मी खाली वाकलो, तळहात धरला.
थेंब पडला. कोमट.
तोच वास, पेन्शनीत गेलेला.

मग मी पाच लिटरचा कॅन आडवा कापला,
तारेनं जॅकखाली टांगून दिला.
दोन दिवस रस्ता कोरडा. शरयूच्या आईने
प्लास्टरवाल्या पोरीला खिडकीत आणून दाखवला.
तिसऱ्या दिवशी कॅन भरला असणार,
कारण वळणावर गाडी कलंडली तशी
एकदम सगळं ओतलं गेलं,
थेंबाथेंबाने गळलं असतं त्याहून जास्त.

दिलीप उतरून बघत राहिला.
मी बघत राहिलो.
वरून ही ओरडली,
"आता दोघं तिथे उभे राहून काय करणार?
पोतं जिन्याखाली आहे!"